गावाचा स्थापना दिन करायचाय? आधी नोंदी जमवा, मग मांडव घाला

गावाच्या वर्धापनदिनाच्या समितीवर पहिल्यांदा नाव आलं की पहिल्या बैठकीत बहुतेक मिरवणूक, प्रमुख पाहुणा आणि बॅनर यांवरच बोलणं होतं. हे सगळं दोन महिन्यांत उभं राहतं. मात्र गाव कुणी वसवलं, आधी इथे कोण राहत होतं, पहिली शाळा कुठे भरत होती, पाणी कुठून यायचं, याची उत्तरं दोन महिन्यांत मिळत नाहीत. म्हणून पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: वर्षभर आधी सुरुवात करा आणि पहिले सहा महिने फक्त माहिती जमवा.

उदाहरण म्हणून माथेरान घेतो. गाव लहान, २०११ च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत लोकसंख्या. पण स्थापना दिन करताना जेवढे प्रश्न पडू शकतात, तेवढे सगळे इथे एकाच डोंगरावर सापडतात.

पहिली पायरी : कशाचा वाढदिवस, हे ठरवा

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला असताना माथेरानच्या डोंगरावर चढून आले आणि इथे थंड हवेचं ठिकाण करायचं त्यांनी मनावर घेतलं. हे वर्ष सगळ्यांना पाठ असतं. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, रस्ते आणि बंगले झाले. १९०५ मध्ये नगरपालिका आली. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर पोचली. मग गावाचा जन्म कधीचा धरायचा?

कुठलीही तारीख धरा, पण पत्रिकेवर ती नेमकी लिहा. ‘माथेरानची १७५ वर्षं’ असं मोघम छापण्यापेक्षा ‘गिरिस्थान म्हणून माथेरानची नोंद झाली, त्याला १७५ वर्षं’ असं लिहिणं खरं आणि न्यायाचं. कारण मॅलेट आले तेव्हा डोंगर रिकामा नव्हता. ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर आणि त्याच्या अंगाखांद्यावर राहत होते, त्यांच्या पायवाटा होत्या, पिसारनाथ हे त्यांचं दैवत होतं. ‘शोध लावला’ हे शब्द पत्रिकेत आले की या लोकांचं अस्तित्व एका ओळीत पुसलं जातं. तुमच्या गावातही असंच असणार. कारखान्यामुळे वसलेलं गाव असेल तर कारखान्याआधी ती जमीन कुणाची होती? बाजारपेठ एखाद्या राजाने वसवली असेल तर आधीची वाडी कुठे गेली? माझ्या मते समितीने उत्तर द्यायचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि तो बैठकीच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.

तारखेबाबत दोन बारीक गोष्टी. एक, ‘वर्षं पूर्ण’ आणि ‘वर्षात पदार्पण’ यांत बारा महिन्यांचा फरक असतो. १८५० ची १७५ वर्षं २०२५ मध्ये पूर्ण झाली. शंभरी, शतकोत्तर रौप्यमहोत्सव वगैरे जे काही असेल ते पूर्ण झाल्यावरच करा, म्हणजे वाद होत नाहीत. दुसरी, इंग्रजी तारीख धरायची की तिथी, हे गावाच्या रिवाजावर सोडा. मालवणचा किनारा घ्या. सिंधुदुर्गाचं भूमिपूजन २५ नोव्हेंबर १६६४ ला, म्हणजे शके १५८६ च्या मार्गशीर्षात झालं. अशा ठिकाणी तिथीला मान असतो. पण तिथी धरलीत तर दरवर्षी तारीख बदलणार, आणि शाळा, सभागृह, बाहेरगावचे लोक यांना ती आधी कळवावी लागणार, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी पायरी : कागद कुठे असतात

नवख्यांचा इथे फार वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात गॅझेटिअरपासून, म्हणजे सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या ग्रंथापासून करा. मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर्स एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत निघाली. आज ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पण आपला जिल्हा तेव्हा कुठला होता, हे आधी बघा. माथेरान आज रायगड जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आणि १८५० मध्ये हा डोंगर ठाण्यात मोडत होता. म्हणून माथेरानचं सविस्तर वर्णन मिळतं ते ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये. कुलाब्याच्या खंडात शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. संस्थानी मुलखातल्या गावांनाही हाच नियम. औंध, सांगली, जत, भोर, सावंतवाडी यांच्या हद्दीतल्या गावांचे जुने कागद त्या त्या संस्थानच्या दफ्तरात असतात, आजच्या तालुक्याच्या कचेरीत असतीलच असं नाही.

गॅझेटिअर वाचताना एक भान ठेवा. ते साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे. उंची, पाऊस, बंगल्यांची संख्या याबाबत ते उपयोगाचं. गावातल्या माणसांबद्दल त्यात जी मतं आहेत ती जशीच्या तशी स्मरणिकेत उतरवू नका.

त्यानंतर गावातली कागदपत्रं. नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची सभेची इतिवृत्तं आणि ठराव बुकं हा माझा सगळ्यात आवडता साठा. दिवाबत्ती कधी आली, नळ कुठल्या गल्लीला आधी मिळाला, कुणाच्या अर्जावर ‘नामंजूर’ असा शेरा पडला, हे तिथेच कळतं. मुख्याधिकारी किंवा ग्रामसेवकांना रीतसर अर्ज द्या, कुठल्या वर्षांच्या वह्या हव्यात ते लिहा, आणि वह्या कचेरीतच बसून बघा, घरी मागू नका. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. त्यात मुलाचं नाव, जात, जन्मगाव, वडिलांचा धंदा अशा नोंदी असतात, आणि गावात कोण कुठून येऊन स्थिरावलं, हे त्यावरून उलगडतं. तहसील कचेरीत गाव नमुना १४ मध्ये जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. फेरफारांवरून जमिनी कशा हात बदलत गेल्या ते कळतं.

मोठी दफ्तरं मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथल्या पुराभिलेखागारांत आहेत. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, कोल्हापुरात करवीर संस्थानचे कागद आहेत. शिवाय १९१० मध्ये सुरू झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. जाताना ओळखपत्र, समितीचं पत्र आणि नेमका विषय घेऊन जा. ‘आमच्या गावाबद्दल काहीही द्या’ म्हटलं तर तिथला कर्मचारी मदत करू शकत नाही. गाव, परगणा, साल एवढं सांगितलंत तर तो नेमका रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, काढून देतो.

कागद मोडी लिपीत असेल तर घाबरू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची विचारपूस होऊ लागली. जवळच्या मोडी वाचकाचं नाव तहसील कचेरीत सहज कळेल. त्यांना मानधन द्या आणि स्मरणिकेत नावही छापा.

दक्षिण महाराष्ट्रात आणखी एक साठा आहे: हेळवी. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हे लोक घराण्यांच्या वंशावळी वाचायला गावोगाव येतात. मूळ पुरुष कुठून आला, गावात कधी आला, हे त्यांच्या वहीत असतं. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही गावानुसार नोंदी सापडतात. हे पुरावे तपासून घ्यावे लागतात, पण टाकून देऊ नका.

तिसरी पायरी : जुनी तारीख वाचायला शिका

शिलालेख किंवा जुना कागद हाती आला की त्यावर इसवी सन नसतो. तीन हिशेब पाठ करा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे. महसुली कागदांवरच्या फसली सनात ५९० मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत (म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत) ५९१. मराठेशाहीच्या कागदांवरच्या शुहूर सनात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार. बेरीज ११७७, म्हणजे इसवी सन १७७६-७७.

आता पडताळा. शकाबरोबर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं नाव असेल तर तारीख खरी की मागाहून कोरलेली, याचा अंदाज घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभवपासून मोजून. समजा एखाद्या पाटीवर ‘शके १७७२ साधारणनाम संवत्सरे’ असं आहे. १७७२ अधिक १२ म्हणजे १७८४, ६० ने भागल्यावर बाकी ४४, आणि चव्वेचाळिसावा संवत्सर साधारणच. जुळलं. मॅलेट आले तो १८५० चा मे महिना याच शकातला. जुळलं नाही तर लगेच खोटं ठरवू नका. एखादा अंक झिजलेला असतो, तीनचा दोन वाचला जातो. दुसऱ्या जाणकाराला दाखवा.

दगड वाचायचा असेल तर रात्री जा आणि टॉर्च बाजूने, अगदी दगडाला लावून धरा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावलीने उठून येतात. वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून फोटो काढा, फोटोत मोजपट्टी ठेवा. खडूने अक्षरं गिरवू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, आणि ‘सुशोभीकरण’ म्हणून वीरगळीला (वीराच्या स्मारकाच्या दगडाला) किंवा गधेगळीला (शापाचं चित्र कोरलेल्या दानाच्या दगडाला) ऑइलपेंट तर अजिबात लावू नका. शेकडो वर्षं उन्हापावसात टिकलेली अक्षरं एका दुपारच्या रंगकामात कायमची बुजतात. हे पाहिलं की जीव तुटतो. पूजेतला दगड असेल तर पुजाऱ्याला विचारून, त्याच्या सवडीने काम करा.

चौथी पायरी : माणसांशी बोला, आणि आजच बोला

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे घोडा, हातरिक्षा नाही तर पायी, अशीच वर्षानुवर्षं ये-जा चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाच्या सन्मानासाठी ते व्हायलाच हवं होतं. पण लाल मातीच्या चढावर माणसं ओढत नेण्याचं ते काम कसं होतं, उतारावर रिक्षा कशी आवरायची, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसताना घर कसं चालायचं, हे सांगू शकणारी माणसं आज आहेत. गावाच्या इतिहासात मॅलेट यांच्या नावाला जेवढी जागा आहे, तेवढीच या आठवणींना हवी.

मुलाखत घ्यायला दोघं जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपायचं. मोबाइल चालतो, पण तो फ्लाइट मोडवर टाका आणि पंखा बंद करा. सुरुवातीला नाव, वय, तारीख, ठिकाण रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. आजी-आजोबांना ‘गावाचा इतिहास सांगा’ म्हणू नका. ते म्हणतील, आम्हाला काय माहीत, मास्तरांना विचारा. त्याऐवजी विचारा: तुमच्या लग्नात वऱ्हाड कसं आलं? पाणी कुठून भरायचा? दुष्काळाच्या साली काय खाल्लं? पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा तुम्ही कुठे होतात? मग एकेक गोष्ट निघत जाते. मध्ये गप्प झाले तर गप्प बसू द्या.

बायकांच्या मुलाखती बायकांनी घ्याव्यात, आणि घरातले पुरुष बाहेर असताना. सासरी आलेल्या बाईने गाव बाहेरून येऊन पाहिलेलं असतं, त्यामुळे इथे जन्मलेल्यांच्या नजरेतून सुटलेलं तिला आठवतं. जात्यावरच्या ओव्या, ठाकरांची नाचाची गाणी, लग्नातली गाणी आवाजासकट रेकॉर्ड करा. वस्तीवर जाताना तिथल्याच एखाद्या तरुणाला बरोबर घ्या, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांना परत द्या. संमती एका कागदावर घ्या: रेकॉर्डिंग कुठे वापरणार, नाव छापायचं की नाही. काही गोष्टी लोक फक्त तुम्हाला सांगतात. त्या छापू नयेत.

जुने फोटो मिळतील. घरी नेऊ नका, तिथेच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. नावं लिहायची तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. प्रत्येक फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.

पाचवी पायरी : पैसे आणि परवानग्या

थोडक्यात. वर्गणी पावती पुस्तकाशिवाय घेऊ नका. गावात नोंदणी झालेलं सार्वजनिक वाचनालय असेल तर त्याच्या खात्यातून व्यवहार करा. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च फलकावर लावा. मांडव, मिरवणूक आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस आणि नगरपालिका, दोन्हीकडे अर्ज लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. माथेरानसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात (इथे ती अधिसूचना २००३ मध्ये निघाली) खड्डे खणणं, झाडाला खिळे ठोकणं, थर्माकोल यांचा विचारही करू नका. शिवाय तिथे मांडवाचा प्रत्येक वासा दस्तुरीपासून वर वाहून न्यावा लागतो. शाळेचा हॉल बरा.

सहावी पायरी : प्रत्यक्ष दिवस

आधी वेळ बघा. माथेरानची तारीख मे महिन्यात येते, आणि मे म्हणजे हंगामाचा ऐन भर. घोडेवाले, हमाल, दुकानदार, हॉटेलातले कामगार यांना त्या दिवशी सवड नसते. पाहुण्यांसाठी कार्यक्रम आणि गाववाले कामावर, असं होऊ देऊ नका. मूळ तारखेला पहाटे छोटा कार्यक्रम करा: ग्रामदैवताला नारळ, जुन्या वाटेने फेरी, एखाद्या फलकाचं अनावरण. मुख्य प्रदर्शन आणि सभा पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या गर्दीआधी ठेवा. शेतीच्या गावाने पेरणी आणि सुगी टाळावी. चाकरमान्यांच्या कोकणात गणपती किंवा मेच्या सुट्टीशिवाय गाव भरत नाही, तिथे तारीख त्यानुसार जुळवा.

फेरी हा माझ्या मते सगळ्यात जिवंत कार्यक्रम. शाळेची मुलं वाटाडे, आठ-दहा थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. मुलांना पाठांतर देऊ नका. ज्या आजोबांकडून ती गोष्ट मिळाली त्यांच्याकडूनच मुलाने ती ऐकलेली असावी. माथेरानला फेरी काढायची तर स्टेशन हवंच. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणं घेत चढणारी ती गाडी. त्या थांब्यावर शेठजींबरोबर कडा फोडणाऱ्या मजुरांचं आणि २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेला मार्ग पुन्हा बांधणाऱ्या कामगारांचंही नाव घ्या.

आणि वीर भाई कोतवालांचा थांबा. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचाच, नाभिक कुटुंबातला. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा तरुण १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा करतो, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडतो, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा होतो. बाहेरचा पर्यटक पॉइंटांची इंग्रजी नावं घेऊन परत जातो. याच मातीत हा माणूस वाढला हे त्याला कळायला हवं, आणि गावातल्या मुलाला तर आधी कळायला हवं.

सत्कार मोजके ठेवा. ज्यांनी मुलाखती दिल्या, फोटो दिले, कागद वाचून दिले, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. पाहुण्याला बोलायला पंधरा मिनिटं, आणि ती पत्रिकेतच छापा. बॅनरवर समितीचे चेहरे नकोत, गावाचा सगळ्यात जुना फोटो लावा. लोक त्यापुढे थांबून आपली माणसं शोधतात आणि तिथेच चार नवी नावं कळतात. म्हणून प्रदर्शनात वही आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवा, ‘ही कोण, तुम्हाला माहीत आहे?’ असं वर लिहून.

सातवी पायरी : स्मरणिका आणि त्यानंतर

स्मरणिकेत शुभेच्छा संदेशांना चार पानं पुरे. बाकी पानांत मुलाखती, ठरावांचे उतारे, जुन्या वाटांचा नकाशा, आडनावांची यादी, झऱ्यांची आणि शेतांची नावं येऊ द्या. प्रत्येक माहितीखाली ती कुठून मिळाली ते छापा: कुठलं रजिस्टर, कुठलं पान, कुणी सांगितलं. दोन लोक दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही छापा. दुसऱ्याचा फोटो किंवा लेख घ्यायचा तर लेखी परवानगी घ्या. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

छापून आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवा. मुंबईची प्रत एशियाटिक सोसायटीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला जाते. पुढे कुणी संशोधक तुमच्या गावाचं नाव शोधेल तेव्हा त्याला काहीतरी सापडेल. गावच्या वाचनालयात दोन प्रती, शाळेत एक, नगरपालिकेच्या दफ्तरात एक. ज्यांचे हक्क मोकळे आहेत ते फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवा, मराठी विकिपीडियावरचा गावाचा लेख संदर्भांसह भरा.

शेवटच्या बैठकीत एक ठराव जरूर करा: जमवलेलं सगळं, रेकॉर्डिंग, स्कॅन, संमतीपत्रं, पत्त्यांची वही, कुणाच्या ताब्यात राहणार आणि हार्ड डिस्क दरवर्षी कोण तपासणार. दोन नावं लिहा, त्यातलं एक तिशीच्या आतलं असू द्या, आणि पुढच्या मुलाखतीची तारीख त्याच बैठकीत ठरवून टाका.